थांबायचं, पण कशासाठी?

माझं एनव्हिडियाचं आरटीएक्स २०६० तसं गुणी ग्राफिक्स कार्ड. १०८०पीच्या मॉनिटरवर त्याने कधी मान टाकली नाही. एखाद-दोन सेटिंग्ज खाली आणायच्या, डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करायची एनव्हिडियाची युक्ती) लावायचं, की काम भागायचं. मग मी १४४०पीचा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि तेच कार्ड एकाएकी म्हातारं दिसायला लागलं. हिशोब सरळ आहे. १०८०पीच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख. म्हणजे दर फ्रेमला, पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, जवळजवळ पावणेदोन पट काम, आणि ते करायला कार्ड तेच, त्याची मेमरीही तीच ६ जीबी.

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा: आत्ता कार्ड बदलायचं की थांबायचं? माझ्या एका मित्राचं उत्तर ठरलेलं असतं. "अरे थांब रे, कार्डांची नवीन मालिका येतेय." मी त्याला ओळखायला लागल्यापासून काही ना काही येतच आहे. त्याचं म्हणणं चूक आहे असंही नाही, कारण ग्राफिक्स कार्ड घेतलं की वर्ष-दोन वर्षांत त्याहून चांगलं येतंच. पण हा नियम दरवर्षी लागू होतो, म्हणून त्यावरून या वर्षी काय करावं ते काहीच कळत नाही. मी एवढंच ठरवलं की थांबायला हरकत नाही, मात्र कशासाठी थांबतोय ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. अमुक कार्ड, अमुक गेम, अमुक गोष्टीची किंमत उतरणार. "बघू पुढे, स्वस्त होतील" हे कारण म्हणून चालणार नाही.

याला जुना इतिहास आहे. सप्टेंबर २०२०मध्ये एनव्हिडियाची ३० मालिका जाहीर झाली तेव्हाही मी म्हटलं होतं, पहिली गर्दी ओसरू दे. ती ओसरलीच नाही. महामारीमुळे जग घरात, चिपांचा तुटवडा, आणि वरून इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून ते चलन कमावणं. कार्ड बाजारात आलं म्हणेपर्यंत संपलेलं असायचं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने प्रूफ ऑफ वर्कला, म्हणजे या गणितांच्या पद्धतीला, रामराम ठोकला, ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग एका दिवसात आतबट्ट्याचं झालं, आणि पाचच दिवसांनी एनव्हिडियाने ४० मालिका जाहीर केली. थांबलेल्या सगळ्यांना वाटलं, आता आपली पाळी. पण २०२१च्या ३०६०ला १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस (मेमरीपर्यंतचा रस्ता) होती. जून २०२३मध्ये आलेल्या ४०६०ला ८ जीबी आणि १२८ बिट. नवी पिढी आणि कमी मेमरी! वरच्या वर्गात तर ४०८०चा १२ जीबीचा अवतार जाहीर करून ऑक्टोबर २०२२मध्ये तो मागे घेतला गेला आणि जानेवारी २०२३मध्ये ४०७० टीआय या नावाने पुन्हा आला. थांबण्याचं फळ गोड असतं म्हणणाऱ्याने ही दोन-तीन वर्षं कार्डाची वाट बघत काढलेली नसावीत.

तर या खेपेला कॅलेंडर बाजूला ठेवलं आणि आधी मशीन मोजायला घेतलं.

मशीन असं आहे: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). २०१९च्या आसपास हजारोंनी असंच मशीन जोडलं असेल. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर टाकली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात चारच गोष्टी ठेवल्या: कार्ड किती टक्के कामात आहे, कार्डाची मेमरी किती भरली आहे, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), आणि फ्रेम टाइमचा (एका फ्रेमला किती वेळ) आलेख. एफपीएसचा आकडा सगळेच बघतात, पण जास्त बोलतो तो आलेख. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी साठ असूनही मधेच एखादी फ्रेम सत्तर मिलिसेकंद खात असेल, तर हाताला झटका बसतो, आणि सरासरीत तो कुठे दिसतही नाही.

चाचणीसाठी सायबरपंक २०७७मधला गर्दीचा बाजार निवडला. संध्याकाळची वेळ, पाठोपाठ दिवे, माणसंच माणसं. एकच सेव्ह लोड करायची, एकाच वाटेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, नुसतं आकड्यांकडे बघत. घरच्यांना वाटलं, हा गेम खेळतोय. १४४०पी, मध्यम सेटिंग्ज, डीएलएसएस बंद: चाळिसाच्या आतबाहेर, कार्ड ९८-९९ टक्के कामात. म्हणजे अडचण कार्डाचीच. पण एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धंच कळलं असतं. म्हणून रिझोल्यूशन थेट ७२०पीवर आणलं, गर्दीची सेटिंग मात्र तशीच ठेवली. आता कार्डाला काम उरलं नाही, ते साठ टक्क्यांवर निवांत, आणि एफपीएस पंचाहत्तरच्या आसपास जाऊन अडकले. आणखी खाली आणलं तरी तिथेच.

हा पंचाहत्तरचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो माझ्या प्रोसेसरचा. या बाजारात, या ३६००वर, उद्या जगातलं सगळ्यात दांडगं कार्ड बसवलं तरी पंचाहत्तरच्या वर फार काही जाणार नाही. कार्ड विकत घेण्याआधीच, घरबसल्या, फुकटात कळतं की नव्या कार्डाकडून जास्तीत जास्त किती मिळू शकतं. तरी बहुतेक जण रिव्ह्यूमधले तक्ते बघून ठरवतात, आणि ते तक्ते त्या वेळच्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर काढलेले असतात. ते बरोबरच आहे, कारण त्यांना कार्ड मोजायचं असतं. आपल्याला आपलं मशीन मोजायचं असतं.

काउंटर-स्ट्राइक २मध्ये चित्र उलटं निघालं. १४४०पीवर, कमी सेटिंग्जवर, सरासरी दीडशेच्या घरात. पण धुराचे ग्रेनेड पडले आणि चार-पाच जण एकदम समोर आले की शंभराच्या खाली घसरण. आणि त्या घसरणीच्या क्षणी कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर. रिझोल्यूशन कमी केलं तरी घसरण तेवढीच. इथे अडचण प्रोसेसरची, कार्ड बदलून काहीही होणार नव्हतं. हा गेम रात्री सगळ्यात जास्त खेळला जातो, त्यामुळे हे आधीच कळलेलं बरं. केवळ अशा गेमांसाठी कार्ड बदलायला निघालेल्या कुणालाही मी आधी हा आकडा बघायला सांगेन. नव्या कार्डाने चित्र सुंदर होईल, पण शंभराचे दीडशे होणार नाहीत.

मेमरीचं प्रकरण मात्र सहज पकडता येत नाही. आफ्टरबर्नर दाखवतो तो आकडा म्हणजे गेमने राखून ठेवलेली मेमरी. खरोखर लागणारी नव्हे. गेम जागा मिळेल तेवढी अडवून बसतात. म्हणून ६ जीबीतले ५.७ भरलेले दिसले म्हणजे मेमरी संपली, असं म्हणता येत नाही. मी बघत होतो ते वेगळंच. बाजारातून चालताना कॅमेरा झटकन मागे वळवला की आलेखात एक सुळका यायचा. चोवीस-पंचवीस मिलिसेकंदांची सपाट रेघ, मधेच सत्तरला टोचलेली सुई. त्याच क्षणी समोरच्या भिंतीवरच्या जाहिरातीकडे पाहिलं की अक्षरं भिजलेल्या कागदावरच्या शाईसारखी पसरलेली. दोन सेकंदांनी ती नीट व्हायची. मग टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंवरच्या पृष्ठचित्रांची, सेटिंग एक पायरी खाली आणली, बाकी काहीही न बदलता. सुळके गेले. पुन्हा वर नेली, सुळके परत. एवढ्यावर शंका फिटली. कार्डाची ताकद कमी पडत होतीच, पण त्याआधी त्याची जागा संपत होती. त्यात वाईट हे, की मेमरी पुरेशी असेल तर टेक्स्चर सर्वोच्च ठेवल्याने एफपीएस जवळपास कमी होत नाहीत. चित्रात सगळ्यात जास्त फरक पाडणारी सेटिंग, आणि तीच मला खाली ठेवावी लागत होती.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट ध्यानात आली. डिसेंबर २०२४मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५चा डूम: द डार्क एजेस हे दोन्ही गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर असल्याशिवाय चालत नाहीत, बंद करण्याची सोयच नाही. माझ्या २०६०मध्ये ते हार्डवेअर आहे. पण दोन्ही गेमांच्या किमान यादीत २०६० सुपर आहे, ८ जीबीचं. साधं २०६० तिथेही अडकलं ते मेमरीपाशी.

कार्ड घ्यायच्या आधी जे फुकटात मिळतं ते घेऊन टाकलं. पंख्यांतली धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेजचा आलेख थोडा खाली ओढून अंडरव्होल्ट केलं. कार्ड थंड आणि शांत झालं, वेग मात्र होता तेवढाच. खरा फायदा झाला तो जानेवारी २०२५च्या डीएलएसएस ४मधल्या ट्रान्सफॉर्मर मॉडेलचा. फ्रेम जनरेशनच्या (मधल्या फ्रेम स्वतःच रचण्याच्या) गमती नव्या मालिकांपुरत्याच, पण चित्र मोठं करणारं हे नवं मॉडेल २०१८च्या २० मालिकेपासून सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. पूर्वी परफॉर्मन्स मोडवर दूरच्या तारा, जाळ्या, गवत थरथरायचं, आता बघवतं. जुन्या कार्डांवर हे मॉडेल थोडं जड जातं, तरी हिशोब फायद्याचाच. थांबायचं असेल त्याने इथून सुरुवात करावी. थांबण्याचा काळ सुसह्य होतो. मीही त्यावर बरेच महिने काढले.

पण ६ जीबीची मेमरी कोणत्याही ड्रायव्हरने वाढत नाही.

मग पर्याय. सबंध मशीनच नवं घ्यावं, एएमडीच्या एएम५ या नव्या सॉकेटवर जावं, हा विचार पहिल्या फेरीतच बाद झाला, कारण त्याला डीडीआर५ रॅम लागते, आणि २०२५च्या अखेरीला मेमरीच्या किमतीने जी उसळी घेतली ती पाहता रॅम घेण्याची ती वेळच नव्हती. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उत्पादकांचा माल उचलायला सुरुवात केली होती. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. हीच बातमी कार्डाच्या निर्णयालाही लागू पडते, कारण ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच्याच चिप्स बसतात, आणि जितके जीबी जास्त तितका तो खर्च जास्त. "थांबलं की स्वस्त होतं" हा भरवसा मायनिंगच्या काळात एकदा बुडाला होता. आता दुसऱ्यांदा बुडताना समोर दिसत होता.

जुनं, वापरलेलं कार्ड? ३०८० मोहात पाडतं. ताकद भरपूर, पण मेमरी १० जीबी आणि भूक ३२० वॉटची. माझ्या एसएमपीएसला ते झेपलं नसतं. त्या पिढीतली कितीतरी कार्डं मायनिंगमध्ये राबलेली. मायनिंगने चिप मरतेच असं नाही, उलट बरेच मायनिंगवाले व्होल्टेज कमी ठेवायचे. पण पंखे आणि थर्मल पॅड यांची काय अवस्था असेल ते कार्ड उघडल्याशिवाय कळत नाही. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४मध्ये आलं तेव्हा १२ जीबीमुळे मी हरखलो होतो. पण लवकरच चाचण्यांतून दिसलं की त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो आणि ३६००सारख्या प्रोसेसरसोबत हे कार्ड बरंच मागे पडतं. जिथे माझी बाजू आधीच लंगडी, तिथेच त्याचं ओझं. सोडून दिलं.

उरली दोन: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी. पहिलं एप्रिल २०२५चं, दुसरं जूनचं. आणि दोघांची एकच खोड: दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावाने विकली जातात. खोक्यावरचा एवढा एक आकडा सोडला तर फरक ओळखू येत नाही. माझा सगळा खटाटोप मेमरीपायी चाललेला, म्हणून ८ जीबीकडे वळूनही बघायचं नाही, हे पहिल्यांदा ठरलं.

आणखी एक कारण होतं, ते माझ्या मदरबोर्डाचं. बी४५०वर पीसीआयई ३.० आहे, म्हणजे कार्ड आणि बाकी मशीन यांना जोडणाऱ्या रस्त्याची जुनी आवृत्ती. ५०६० टीआय पीसीआयई ५.०चं असलं तरी त्याला लेन, म्हणजे त्या रस्त्यावरच्या मार्गिका, आठच. नव्या बोर्डावर आठ लेन पुरून उरतात, पण ३.०च्या वेगाने आठ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत, म्हणजे माझ्या बोर्डावर त्याच्या दुप्पट. याने फरक कधी पडतो? कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे कारागिराचं हाताशी असलेलं टेबल. सगळं टेबलावर मावत असेल तर मागच्या खोलीत जायचा रस्ता रुंद आहे की अरुंद, याने काही बिघडत नाही. टेबल भरलं की प्रत्येक वस्तूसाठी फेरी. म्हणून जुन्या बोर्डावर ८ जीबी आणि आठ लेन हे जोडपं सगळ्यात वाईट. १६ जीबी असेल तर आठ लेनचा फटका किरकोळ. म्हणजे ५०६० टीआयचं १६ जीबी घेतलं असतं तरी माझं फार अडलं नसतं. तरीही सोळा लेनवाल्याकडे मन झुकलं.

मित्राला हे सांगितलं तर त्याने वेगळाच मुद्दा काढला. "तुझ्या २०६०ची मेमरी बँडविड्थ सेकंदाला ३३६ जीबी आहे. या नव्याची ३२०. इतक्या वर्षांनी मागे चाललास की काय?" आकडे खरे आहेत. २०६०ची बस १९२ बिटची, ९०६० एक्सटीची १२८ची; चिप्स वेगवान असूनही गुणाकार कमी भरतो. उत्तर आहे ते चिपच्या पोटात: ३२ एमबीची इन्फिनिटी कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी. पुन्हा पुन्हा लागणारा डेटा तिथेच सापडतो, बाहेर जायची वेळ कमी येते. रिझोल्यूशन वाढलं की कॅशमध्ये सापडण्याचं प्रमाण घटतं, म्हणून असली कार्डं १४४०पीला शोभतात आणि ४केवर दमतात. मला ४के नकोच होतं.

खरी घालमेल झाली ती डीएलएसएस सोडण्यावरून. त्याच्या जागी एएमडीचं असतं ते एफएसआर मी पूर्वी वापरून पाहिलेलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत झाडांच्या पानांवर जी खळबळ दिसायची ती मला सहन होत नसे. मार्च २०२५मध्ये आरडीएनए ४ या एएमडीच्या नव्या पिढीसोबत आलेलं एफएसआर ४ हे मशीन लर्निंगवरचं आहे आणि तुलना बघितल्यावर डोळ्यांना पटलं. पण ते चालणाऱ्या गेमांची यादी डीएलएसएसहून लहान. इथे मी एक कंटाळवाणं काम केलं: माझ्याकडचे आणि पुढे घ्यायचे म्हणून ठरवलेले गेम एका कागदावर लिहून प्रत्येकासमोर काय चालतं ते मांडलं. दोन गेम सोडून सगळ्यांत एफएसआर ४ होतं किंवा ड्रायव्हरमधून लावता येत होतं. त्या दोनपैकी एक मी पुन्हा उघडणार नाही, हे मला माहीत आहे. रे ट्रेसिंग जीव की प्राण असलेल्याने हा कागद वेगळा लिहिला असता आणि ५०६० टीआय घेतलं असतं. त्यात गैर काही नाही.

आता पुन्हा मूळ प्रश्न: थांबलो तर कशासाठी? मित्र ज्याची वाट बघत होता ती ५० मालिकेतली 'सुपर' कार्डं. जीडीडीआर७ मेमरीच्या ३ जीबीच्या चिप्स लावून मेमरी वाढवणार, अशी चर्चा. त्या चिप्स काल्पनिक नाहीत, ५०९०च्या लॅपटॉप आवृत्तीत त्याच बसवून २४ जीबी केलेले आहेत. पण ती सगळी चर्चा ५०७० आणि त्यावरच्या कार्डांची. माझ्या वर्गाचं नावही कुणी काढत नव्हतं. पुढची पिढी? तिची तारीख नव्हती. किंमत उतरणं? मेमरीची बातमी वर सांगितलीच. एखाद्या खास गेमची वाट? तर जे गेम हवे होते ते आधीच येऊन बसले होते आणि मीच त्यांच्या किमान यादीबाहेर होतो. थांबण्याचं नाव घेऊन सांगता येईल असं एकही कारण हाती उरलं नाही. निर्णय असा निघाला, त्यात फार शौर्य नव्हतं.

९०६० एक्सटीचं १६ जीबी मागवण्याआधी वीज आणि जागा पाहिली. विजेचं सोपं गेलं: जुनं २०६० १६० वॉटचं, नव्या कार्डाचा ठरलेला आकडाही १६०च, काही कंपन्यांच्या वेगवान आवृत्त्यांत थोडा जास्त. एक आठ पिनची वायर १५० वॉट देते, स्लॉट ७५. जी वायर होती तीच पुरणार. जागेचं मात्र टेप लावून मोजलं, मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेली लांबी पुढे पंखा नाही असं धरून असते. पंखा २५ मिलिमीटर खातो. तीन पंख्यांची सुंदर आवृत्ती नेमकी तेवढ्याने अडत होती. दोन पंख्यांची घेतली.

बायॉसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) काम मात्र कुणी आधी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. नव्या कार्डांना रिसाइझेबल बार चालू असलेलं बरं असतं. त्याने प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसते, नाहीतर २५६ एमबीच्या खिडकीतून डोकवावं लागतं. बी४५० आणि ३६००वर ते चालतं, पण बायॉस नवं असावं लागतं आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय) बंद असावं लागतं. सीएसएम बंद केलं की विंडोज फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतं, आणि त्यासाठी डिस्कची मांडणी जीपीटी हवी. वर्षानुवर्षांपूर्वी टाकलेलं विंडोज बऱ्याचदा एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर असतं, माझं होतं. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. आधी सगळ्याचा बॅकअप घेतला, त्या साधनाची नुसती तपासणीची आज्ञा चालवून पाहिली, तिने होकार दिल्यावर खरी चालवली, मग बायॉस अद्ययावत केलं, सीएसएम बंद, बार चालू. हे सगळं जुनं कार्ड आत असतानाच. नवं कार्ड बसवल्यावर पडदा काळा राहिला असता तर दोष कार्डाचा की बायॉसचा, ते शोधत बसावं लागलं असतं. शेवटी सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं साधन चालवून एनव्हिडियाचा ड्रायव्हर मुळापासून काढला आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

कार्ड बसलं. तोच बाजार, तीच सेव्ह, तीच वाट. १४४०पी, सेटिंग्ज उच्च, टेक्स्चर सर्वोच्च, एफएसआर ४ क्वालिटीवर: सत्तरच्या आसपास, गर्दीच्या टोकाला थोडे खाली. मोजून ठेवलेल्या छताला अगदी चिकटून. कार्ड ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर, म्हणजे त्याच्या अंगात अजून ताकद शिल्लक, आणि प्रोसेसर घामाघूम. आलेखातली रेघ सपाट. कॅमेरा कितीही गरगर फिरवला तरी सुया नाहीत. जाहिरातीवरची अक्षरं पहिल्या क्षणापासून ठसठशीत.

सगळंच सुधारलं नाही. काही अनरियल इंजिनच्या गेमांत नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावर जो अडखळा येतो तो शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याचा असतो. तो जुन्या कार्डावर होता तसाच नव्यावरही आहे. काउंटर-स्ट्राइक २मध्ये सरासरी तीच, धुरातली घसरणही तीच, एका आकड्याचाही फरक नाही. हे अपेक्षितच होतं, तरी पाहताना थोडं टोचलंच.

मित्र अजून थांबलेला आहे, आणि त्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे. त्याच्याकडे ३०८० आहे, मॉनिटर ४केचा, आणि १० जीबी मेमरी त्याला आत्ता आत्ता अपुरी पडायला लागली आहे. त्याला हवंय ते १६ जीबीच्या वरचं काहीतरी, भरपूर बँडविड्थचं, आणि चर्चा नेमक्या त्याच वर्गाची आहे. तो कशासाठी थांबलाय ते त्याला एका वाक्यात सांगता येतं.

माझ्याकडे आता प्रोसेसरचा प्रश्न. बी४५०वर रायझन ५०००पर्यंत मजल जाते, बायॉस नवं केलेलंच आहे, रॅमही बदलावी लागणार नाही. मनात होतं ५७००एक्स३डी, त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशमुळे. पण ते आता नवं सापडणं मुश्कील झालंय. मग साधं ५७००एक्स घ्यावं की वापरलेलं एक्स३डी शोधावं, हे ठरवायचं आहे. त्यासाठी पुन्हा तोच धुराचा ग्रेनेड फेकून आकडे टिपणं चालू आहे.